गोव्यातले जुने घर नव्याने उभे करताना: आधी कोरडे, मग सुंदर

आमचे घर माशेलपासून थोडे आत, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला आहे. मधोमध राजांगण, चारी बाजूंनी खोल्या, समोर वसरी, मातीत बांधलेल्या जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती आणि वर मंगळुरी कौले. एरवी तिथे चार माणसे राहतात, चवथीला म्हणजे गणेशचतुर्थीला तीस. या घराच्या दुरुस्तीला हात घातला तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात आधी टाइल्स आणि रंग आले. कुणी मोबाइलवर फोटो दाखवत होते, कुणी फोंड्याच्या दुकानातून नमुने आणत होते. एका वर्षाने शहाणे होऊन आम्ही क्रम बदलला. पहिल्या वर्षी घर कोरडे करायचे, मध्ये एक पाऊस जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या वर्षी घर सजवायचे. ज्यांच्या वाट्याला असे घर आले आहे, त्यांनी हाच क्रम धरावा असे मला मनापासून वाटते. पुढे लिहिले आहे ते त्याच क्रमाने.

पावसाळ्यात घर बघा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डिसेंबरात घर पाहायला आलेल्या कंत्राटदाराला भिंत कोरडी दिसते, आणि कोरड्या भिंतीवर तो अंदाजपत्रक काढतो. म्हणून आधी एक पूर्ण पावसाळा घरात वही घेऊन फिरा. जोराची सर आली की टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीत जा. कुठले कौल गळते, कुठल्या वाशावरून पाणी ओघळते, राजांगणातले पाणी किती वेळात निचरते, सगळे तारखेसह लिहा. ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि आठवड्याने पुन्हा पाहा.

ओल तीन तऱ्हेची असते आणि तिन्हींचा इलाज वेगळा. वरून येणारी ओल ओघळासारखी उतरते. ती छपराची तक्रार. बाजूने येणारी बहुधा नैऋत्येकडच्या भिंतीवर दिसते, कारण मोसमी वारा पावसाला तिकडूनच भिंतीवर मारतो. तिथे वळचण आखूड आहे किंवा गिलावा फुटला आहे. आणि खालून चढणारी ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्ट्यासारखी दिसते, वर पांढरा लोणा (क्षार) फुटतो, रंगाचे पोपडे येतात. या तिसऱ्या ओलीवर रंगाच्या दुकानातला कोणताही डबा उपाय नाही. तिची मुळे घराबाहेरच्या पाण्यात आणि भिंतीवर चढवलेल्या सिमेंटमध्ये असतात.

कागद आणि माणसे

वडिलोपार्जित घर म्हणजे सहसा एकाचे घर नसते. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा), घरपट्टीची पावती, वाटणी झाली असल्यास तिचे कागद आधी एकत्र करा. गोव्यात वारसा आणि पती-पत्नीची सामाईक मालमत्ता यांचे नियम पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यातून आले आहेत. वारसा आणि इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी आणि वाटणी) यांसाठी आता २०१२ चा वेगळा कायदा आहे. त्यामुळे भावाबरोबर वहिनीची आणि बहिणीबरोबर तिच्या यजमानांची संमतीही लागू शकते. घराच्या आवारात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे; त्याची वाट, त्याचे पाणी तुमच्या नकाशामुळे अडता कामा नये. दुरुस्तीचा परवाना पंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारून काम सुरू करण्यापूर्वीच घ्या. समुद्र, नदी किंवा खाडीजवळ असाल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात का, हेही तिथेच विचारा.

घरातली बैठक चवथीत घ्यावी. सगळे एकत्र असतात आणि कुणाला कुठे झोपावे लागते, न्हाणीपुढे सकाळी किती रांग लागते, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. कोण किती पैसे घालणार, कुठली खोली कोण वापरणार हे त्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. आमच्या आत्याने तेव्हा एकच मागणी केली होती: न्हाणीत बसायला कट्टा आणि धरायला दांडी. आराखड्यातली सगळ्यात उपयोगी सूचना तीच निघाली.

वेळापत्रक

काम दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबर-डिसेंबरात लाकूड आणि कौले जमवा, जानेवारीत छप्पर उघडा आणि एप्रिलच्या मध्याआधी ते बंद झालेच पाहिजे असा करार करा. मे महिन्यात वळवाच्या सरी कधीही येतात आणि उघड्या मातीच्या भिंतीला एक सरसुद्धा जड जाते. भिंतींचा चुना जानेवारी ते मार्च. मग पावसाळा. त्यात वही पुन्हा उघडायची. फरशी, रंग, न्हाणीच्या टाइल्स, दारे-खिडक्यांचे पॉलिश हे सगळे पुढच्या दिवाळीनंतर. एका हंगामात सगळे उरकण्याचा आग्रह धरला तर ओल्या भिंतीवर रंग चढतो आणि पुढच्या श्रावणात तो सुटतो.

छप्पर

इथे हात आखडता घेऊ नका. बाकी सगळ्याचे आयुष्य छपरावर अवलंबून आहे.

आधी लाकूड तपासा. वासे मधोमध चांगले दिसतात. कुजतात ते भिंतीत टेकलेल्या टोकाला आणि वळचणीकडे. स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोक टोचून पाहा. सहज आत गेला तर तिथे बुरशी किंवा वाळवी आहे. अख्खा वासा मात्र लगेच बदलू नका. चांगला सुतार कुजलेले टोक कापून तिथे तसेच लाकूड तिरक्या सांध्याने जोडतो, आणि जुन्या सागवानाची, किंदळाची किंवा जांब्याची प्रत आज बाजारात सहज मिळत नाही. नव्या लाकडाला, विशेषतः भिंतीत जाणाऱ्या टोकांना, काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती कामाची आहे. पण ते तेल कातडी भाजते. हातमोजे घालूनच लावा, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

आता कौले. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे खाचेचे कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरले. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, म्हणून दोन छापांची कौले एका पाख्यावर (छपराच्या उतारावर) मिसळली की खाच खाचेत नीट बसत नाही आणि नेमके तिथेच गळते. जुनी कौले उतरवताना पाठीवरचा छाप पाहून वेगळे ढीग करा. मग प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजले तर ठेवा, भद्द आवाज आला तर त्यात चीर आहे. चांगली जुनी कौले एकत्र करून एक पाखा पूर्ण भरा, नवी दुसऱ्या पाख्यावर.

एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. लागतील त्याहून दोनशे तरी जास्त घ्या आणि गोठ्यात रचून ठेवा. आमच्या भागात माकडांचा कळप छपरावरून गेला की पाच-दहा कौले हमखास फुटतात, आणि दहा वर्षांनी तोच साचा मिळेल याची खात्री नसते. शाकारणी वर्षातून एकदा, मे महिन्यात, करायचीच. वळचण भिंतीपासून किमान दोन ते अडीच फूट बाहेर काढा. माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत दोन-तीन काचेची कौले बसवा, पण उत्तरेच्या पाख्यावर. दक्षिण-पश्चिमेला बसवली तर एप्रिलमध्ये त्या खोलीत बसवत नाही.

कौले काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. हिशोब करून पाहा. पाच इंची काँक्रीट स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जाते. कौले, रिपा आणि वासे मिळून तेवढ्याच जागेत त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंती त्या हलक्या भारासाठी उभ्या आहेत. स्लॅब हवाच असेल तर अभियंत्याकडून स्वतंत्र खांब आणि पाया काढून घ्या, जुन्या भिंतीवर तो टेकवू नका.

पाण्याची वाट

१०० चौरस मीटर छपरावर पावसाळ्यात जवळजवळ तीन लाख लिटर पाणी पडते. हे पाणी कुठून कुठे जाते ते कागदावर काढा. राजांगणातली मोरी बहुतेक घरांत जमिनीखालून जाते आणि ती कधी साफ झाली हे कुणालाच आठवत नाही. ती उघडून, उतार तपासून, दोन्ही टोकांना जाळी बसवा. पन्हळ लावली असेल तर पानगळीनंतर ती साफ करता येईल अशा उंचीवर आणि रुंदीची हवी.

घराभोवती जोत्याला चिकटून काँक्रीटचा पट्टा असेल तर त्याचा उतार बाहेर आहे का पाहा. आमच्याकडे तो आतल्या बाजूला झुकला होता. आम्ही तो फोडला, जमीन बाहेरच्या बाजूला उतरती केली आणि जोत्यालगत खडीचा चर काढला. खालून चढणारी ओल त्या एका कामाने पहिल्याच पावसाळ्यात निम्म्यावर आली. पाणी विहिरीत सोडायचे असेल तर पहिल्या काही सरींचे पाणी बाहेर काढून मग गाळणीतून सोडा. शोषखड्डा मात्र विहिरीपासून १८ मीटर तरी लांब हवा. जांभ्या दगडात भेगा असतात, त्यामुळे अंतर जितके जास्त तितके बरे.

भिंती

नव्वदच्या दशकात आमच्या काकांनी पुढच्या दोन खोल्यांना सिमेंटचा गिलावा करून घेतला. ज्याने केला त्याने पन्नास वर्षांची हमी दिली होती. पाचव्या वर्षी रंग सुटला, मग पुन्हा सिमेंट, पुन्हा रंग, असे चार वेळा झाले. कारण साधे आहे. चिरा पाणी शोषतो आणि सोडतो, दोन चिऱ्यांमधला मातीचा सांधा, म्हणजे दर्जाही तसाच. त्यावर सिमेंटचे घट्ट आवरण बसले की आत आलेले पाणी बाहेर पडत नाही, वर वर चढत जाते आणि सोबत क्षार नेते. चुन्याचा गिलावा हे पाणी बाहेर सोडतो.

म्हणून आधी जुने सिमेंट हळूहळू उतरवा. ब्रेकर मशीन लावू नका, चिऱ्याची कोर तुटते. छिन्नी आणि हातोडी पुरे. भिंत उघडी ठेवून दोन महिने वाळू द्या. लोणा फुटेल तो कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर तो पुन्हा आत जातो. मातीचे दर्जे जिथे पोकळ झाले असतील तिथे चुना-रेती भरा.

चुना भिजवून मुरवलेला हवा, निदान दोन-तीन आठवडे. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली रेती हे साधारण प्रमाण. बाहेरच्या भिंतीला थोडी सुरखी (विटांची पूड) घातली तर पकड चांगली येते. एका वेळी जाड थर देऊ नका, अर्ध्या इंचाहून कमी थर द्या. तो घट्ट झाला की दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो, त्याला वेळ लागतो. दुपारच्या उन्हात लवकर सुकला तर भेगा पडतात. गोणपाट ओले करून आठवडाभर झाकून ठेवा. भिजवलेला चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. कामावरच्या प्रत्येकाला चष्मा द्या, जवळ स्वच्छ पाण्याची बादली ठेवा आणि यात कुणाचे ऐकू नका. चुन्याचे काम येणारे मेस्त्री कमी उरले आहेत. देवळांच्या जीर्णोद्धारात काम केलेला माणूस शोधा, आणि आधी गोठ्याची किंवा मागची एक भिंत करून घ्या.

गिलावा काढून चिरे उघडे ठेवायची सध्या फार हौस आहे. दिसते छान, आणि वसरीच्या आत किंवा आवाराच्या भिंतीला ते चालते. पण पावसाच्या तोंडावरची जुनी भिंत उघडी ठेवू नका. ती पहिल्यापासून गिलाव्याखाली राहील म्हणून मऊ चिऱ्यात बांधली आहे; दोन पावसाळ्यांत शेवाळ धरते आणि मातीचे दर्जे धुऊन जातात.

न्हाणी मातीच्या भिंतीला लावून टाइल्सने मढवू नका. मुख्य भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून आत वेगळी पातळ भिंत घ्या आणि टाइल्स तिच्यावर लावा. नळ याच आतल्या भिंतीत घाला, म्हणजे गळती झाली तरी जुनी भिंत वाचते.

विजेबद्दल थोडक्यात: जुनी वायरिंग पूर्ण काढा, अर्धी ठेवू नका. दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, विजांपासून जपणारा सर्ज प्रोटेक्टर आणि नीट मोजून घेतलेले अर्थिंग. जांभ्या जमिनीत अर्थिंग कोरडे पडते, म्हणून ते मे महिन्यात मोजा.

जमीन

आता सजावट, आणि ही दुसऱ्या दिवाळीनंतर.

आमच्या वसरीत लाल कोबा होता, त्यावर कुणीतरी टाइल्स चढवल्या होत्या. एक टाइल उचलून पाहिली तेव्हा खाली कोबा जवळजवळ जसाच्या तसा होता. तुमच्याकडेही कोपऱ्यात एक टाइल आधी काढून बघा. कोब्याच्या भेगा रंगीत सिमेंटने भरून, बारीक घासून, खोबरेल तेलाचे हात दिले की काही महिन्यांत चकाकी परत येते. डाग भरलेला भाग थोडा वेगळा दिसेल; तो तसाच राहू द्यावा.

नवी फरशी घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली पाण्याची. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. स्वच्छतेला ती चांगली, पण जमिनीतली ओल तिच्याखाली अडते आणि भिंतीच्या कडेने वर निघते. मातीच्या भिंतींच्या घरात मुख्य खोल्यांना कोबा, सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स किंवा मातीच्या भाजलेल्या टाइल्स जास्त मानवतात. विट्रिफाइड स्वयंपाकघरात आणि न्हाणीत ठेवा. दुसरी पायाची. दुकानातून नमुना घरी आणा, त्यावर पाणी ओता आणि अनवाणी चालून पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही हात धरून उभे करा. वसरी, राजांगणाची कड आणि न्हाणी यांना आर-११ दर्जाची खरबरीत टाइल मागा. सगळे खोके एकाच बॅचचे घ्या आणि दहा टक्के जादा.

जुन्या जमिनीवर नवी बसवली की ती दीड-दोन इंच वर येते. तेवढा उंबरठा बुडतो, दारे खालून कापावी लागतात आणि राजांगणातले पाणी आत यायला कमी अडसर राहतो. जागा असेल तर जुने काढूनच नवे बसवा.

रंग, दारे, खिडक्या

चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याचीच सफेती किंवा खनिज सिलिकेट रंग. ॲक्रिलिक इमल्शन लावले तर वर केलेली सगळी मेहनत एका आवरणाखाली कोंडते. पातळ तीन-चार हात द्या, प्रत्येक हातापूर्वी भिंत ओलसर करा. पांढऱ्यात चिमूटभर नीळ, तळाच्या पट्ट्याला काव किंवा हुरमुंजी. या रंगांना आपल्या डोळ्यांची सवय आहे. देवळांतली कावी चित्रे चुना आणि काव या दोनच गोष्टींवर उभी आहेत. सफेती दर दोन-तीन वर्षांनी करावी लागते, पण ती घरच्या माणसांनाही करता येते.

रंग कार्डावर निवडू नका. प्रत्यक्ष भिंतीवर तीन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, संध्याकाळी, दिवा लावून पाहा. शक्य असेल तर पहिल्या वर्षीच हे चौकोन काढून ठेवा आणि पावसाळी उजेडात निवड करा. वर्षाचे चार महिने घर त्याच उजेडात राहते आणि दुकानात सुंदर दिसलेला राखाडी तेव्हा फार उदास वाटतो.

बाहेरच्या लाकडाला चकचकीत पॉलियुरेथेन नको, ते उन्हा-पावसात सोलते. जवसाचे तेल दर वर्षी पावसाळ्यानंतर लावा. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतील तर त्या जिवापाड जपा. ज्या कालवाचे हे शिंपले, ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. नवे गोळा करायचे नाहीत. फुटलेल्या खिडकीतले चांगले शिंपले काढून एक खिडकी पूर्ण करा आणि दुसरीला साधी काच लावा. बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्या घ्या. समुद्राजवळ स्टील लागलेच तर ३१६ प्रतीचे.

माटोळीची जागा

आराखड्यात हे कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. जिथे गणपती बसतो तिथे वर माटोळी, म्हणजे फळे टांगायची चौकट, बांधायला तुळईला कड्या हव्यात. नारळांचा घोस, केळीचा घड, सुपारीचे घोस, तवशी (मोठ्या काकड्या), कोहळा सगळे धरून तिचे वजन बरेच होते. त्या खोलीत जिप्समचे छत करून घेतले तर कड्या हरवतात, आणि जिप्सम आमच्या हवेत टिकतही नाही. छत हवे असेल तर लाकडी पाटांचे करा आणि कड्या त्यातून खाली काढा. चवथीला तीस माणसे बसतात, त्या खोलीची जमीन पुसायला सोपी आणि पंख्यांचे प्लग भरपूर हवेत.

पैसे आणि नंतरची वही

अंदाजाच्या वर २० टक्के वेगळे ठेवा. जुने घर उघडल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार द्या आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचा हे करारातच लिहा. कमी पडले तर स्वयंपाकघराची कपाटे आणि दिवे पुढच्या वर्षावर ढकला, छपराचे लाकूड ढकलू नका.

आणि काम संपले तरी वही बंद करू नका. कुठली तार कुठून गेली, नळ कुठे वळला याचे फोटो गिलावा करण्याआधी काढून त्यात लावा. कावेचे आणि निळीचे प्रमाण लिहा, टाइल्सचा बॅच नंबर लिहा. पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा टॉर्च घेऊन सगळ्या खोल्या फिरा आणि पेन्सिलीच्या जुन्या रेघांशी नवी ओल ताडून पाहा. आमच्या मागच्या खोलीत रेघेच्या खाली चार बोटे ओल अजून आहे. तिथला चर या दिवाळीनंतर आणखी खोल करायचा आहे.